कबूल झाला!

१९९५ सालची दिवाळी. भाऊबीज आटोपून आमची आई तिच्या भजनी मंडळाबरोबर एसटीने पंढरपूरला गेली, कार्तिकीसाठी. दोन दिवसांनी सौ.ने कपाटातला दागिन्यांचा डबा उघडला, तर आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या त्यात नव्हत्या. आई वारीला जाताना अंगावर सोने कधीच घालत नसे. तुळशीची माळ आणि दोन नऊवारी लुगडी, एवढाच तिचा संसार. तेव्हा पाटल्या चोरीला गेल्या यात कुणाला शंकाच वाटली नाही. सगळे घर उलथेपालथे करून झाल्यावर मी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने तक्रार लिहून घेतली. पाटल्यांचे वजन, घडण, एकीच्या कडेला असलेला बारीक पोचा, सगळे मी सांगितले. मग त्याने मान वर करून विचारले, ''कुणावर संशय?''

मी क्षणभर थांबलो आणि एक नाव घेतले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची गाडी लावणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. दिवाळीची पोस्त न्यायला तो आत आला होता, फराळाची ताटली हातात घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला होता. एवढाच त्याचा गुन्हा! संध्याकाळी त्याची गाडी जागेवर नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार सायकलवरून आला आणि फाटकातूनच म्हणाला, ''साहेब, काम झालं. कबूल झाला!''

खरे सांगतो, मला बरे वाटले. सौ.ने हवालदाराला चहा आणि उरलेल्या चकल्या दिल्या.

पाटल्या सराफ बाजारात विकल्या असे तो सांगत होता. त्याने दाखवलेल्या सराफाने कानांवर हात ठेवले. मग त्याने दुसरा सराफ दाखवला. चार दिवसांची पोलीस कोठडी संपली, मुलगा नाशिकरोडच्या तुरुंगात गेला, पाटल्या काही मिळाल्या नाहीत. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेल्यावर आई परत आली, प्रसादाच्या लाह्या-बत्तासे वाटले, आणि आमची चेहरेपट्टी बघून म्हणाली, ''काय रे, कुणी गेलं का?'' हकिगत ऐकताच ती स्वयंपाकघरात गेली, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेल्या पाटल्या बाहेर काढल्या. दिवाळीत घरात येणारे-जाणारे फार, म्हणून तिने त्या तिथे ठेवल्या होत्या.

पुढचे सगळे रीतसर झाले. मी ठाण्यात गेलो, वकिलाकडे गेलो, मुलगा सुटला. प्रकरण 'सी समरी' होऊन मिटले. 'सी समरी' म्हणजे खोटी तक्रार नव्हे, गैरसमजातून झालेली तक्रार. कागदावर तो गैरसमज माझा होता. मग 'कबूल झाला' ते काय होते, याचा कागदावर कुठेच उल्लेख नाही.

महिनाभराने मी त्याला रस्त्यात गाठले आणि विचारले, ''अरे, तू घेतल्याच नव्हत्या तर कबूल कशाला झालास?'' तो खाली बघत म्हणाला, ''काका, 'विकल्या' म्हटलं की बसायला देत होते. पाणी देत होते.''

हे वाक्य माझ्या डोक्यातून तीस वर्षांत गेलेले नाही. वर्तमानपत्रात आठवड्यातून दोनदा तरी आपण वाचतो, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' इतके सराईत वाक्य आहे हे, की त्यातला 'खाक्या' म्हणजे नेमके काय, हे विचारायचेही आपण विसरलो. मी स्वतः लिहिणारा माणूस. तरुणपणी बातम्या लिहिताना हे वाक्य मीही खरडलेले आहे.

आमच्या ओळखीत एक निवृत्त फौजदार आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत त्यांचे प्रशिक्षण झाले. पुण्याला सुरू झालेली ही संस्था १९०९ मध्ये नाशकात आली. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा मला वाटले, ते आपल्या खात्याची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, ''तुमच्या त्या पोराने पाटल्यांचं वर्णन कसं केलं होतं?''

''अगदी बरोबर. चार तोळे, एकीला पोचा.''

''अहो, ते तुमच्या फिर्यादीतच होतं ना! जो माणूस फक्त आपल्याला ठाऊक असलेलंच सांगतो, तो काहीच सांगत नाही. पाटल्या कशात ठेवल्या होत्या, डब्यात आणखी काय होतं, डबा कोणत्या फळीवर होता, हे त्याला विचारलं का कुणी?''

विचारले नव्हते. विचारले असते तर त्याला सांगता आले नसते, आणि तिथेच सगळे संपले असते.

चौकशीच्या शास्त्रातली जवळजवळ मध्यवर्ती गोष्ट अण्णांनी मला दोन वाक्यांत सांगितली. खऱ्या गुन्हेगाराला असे काही माहीत असते जे पोलिसांना माहीत नसते. ते बाहेर काढणे म्हणजे चौकशी. आपल्या मनातले संशयिताच्या तोंडी घालणे आणि मग तेच त्याच्या तोंडून ऐकून समाधान पावणे म्हणजे स्वतःचाच आवाज विहिरीत ऐकण्यासारखे.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला हे दीडशे वर्षांपूर्वीच कळले होते. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून कायम झाले. हा नियम इंग्रजांनी उदारपणे बहाल केलेला नाही. त्यामागे छळाच्या तक्रारींचे मोठे गाठोडे होते. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. आणि त्याच सुमारास आपल्या नाशकात खुनाच्या संशयावरून धरलेला गुन्नू नावाचा एक माणूस पोलिसांच्या छळाने मेला. त्याबद्दल पोलिसांवरच खटला चालला. इतिहास-अभ्यासक अनुपमा राव यांनी त्या प्रकरणावर तपशिलाने लिहिले आहे. पुरावा कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने तर एका अधिकाऱ्याचे मत नोंदवून ठेवले आहे, की या छळामागे क्रौर्यापेक्षा आळसच जास्त असतो. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. ''आळस म्हणा, नाहीतर वरून येणारा फोन म्हणा. 'डिटेक्शन कधी?' हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. 'पुरावा काय?' हा प्रश्न दोन वर्षांनी कोर्टात विचारला जातो. तोवर आमची बदली झालेली असते.''

मग कबुली कोर्टात चालतच नाही, तर ती मिळवायला इतका आटापिटा का? याचे उत्तर पुढच्या दाराने आत येते. कबुली चालत नाही; पण आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्यातले हे कलम २७. दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, 'चाकू मी अमुक ठिकाणी लपवला आहे, चला दाखवतो.' त्याचा निवेदन पंचनामा होतो. मग गाडी काढून सगळे तिथे जातात, आरोपी पुढे, पंच मागे. वस्तू निघते, जप्तीचा पंचनामा होतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय साक्ष अधिनियमात हे सगळे आता कलम २३ मध्ये एकत्र आणले आहे, पण तत्त्व तेच राहिले. वस्तू खरोखर सांगण्यामुळे सापडली असेल तर हा फार मोलाचा पुरावा. पण वस्तू आधी सापडली आणि निवेदन नंतर लिहिले, तर? पंच नेहमीचेच, ठाण्याजवळच्या टपरीवरचे असतील, तर? बचाव पक्षाचे वकील उलटतपासात याच जागी बोट ठेवतात, आणि बरेचदा बोट बरोबर जागी पडते.

कबुलीची दुसरी वाट मॅजिस्ट्रेटकडून जाते. आरोपीला स्वखुशीने सांगायचे असेल तर मॅजिस्ट्रेट ते नोंदवू शकतो. पण आधी त्याने बजावले पाहिजे, की बाबा, कबुली देणे तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. माणूस ऐनवेळी 'मला काही सांगायचे नाही' म्हणाला, तर या कारणाने त्याला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही. ही तरतूद ज्याने केली त्याला माणसाची भीती कळत होती, असे मला ती वाचताना वाटते.

तिसरी वाट अपवादाची, आणि त्या वाटेने आपल्याच जिल्ह्यात काय झाले ते आठवावे लागेल. १९९९ च्या 'मकोका' कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. मालेगावच्या बडा कब्रस्तानात आणि जवळच्या चौकात सायकलींवर ठेवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेही होती. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ जणांना पकडले. मकोका लागला, कबुलीजबाब आले. आरोपींनी ते पुढे मागे घेतले आणि मारून-धमकावून घेतल्याचे सांगितले. त्या नऊ जणांतला एक तर स्फोटांच्या आधीपासूनच पोलिसांच्या ताब्यात होता! दुसरा स्फोटांच्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी होता.

पुढे २०१० च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात अटक झालेल्या स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटपुढे कबुली दिली आणि त्यात मालेगावची जबाबदारी वेगळ्याच लोकांवर टाकली. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये मालेगावच्या आरोपींना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण अपघातात वारला होता. आणि असीमानंदांची कबुली? तीही त्यांनी मागे घेतली, दबावाखाली दिली म्हणाले, आणि ज्या खटल्यांत ते आरोपी होते त्यांतून निर्दोष सुटले. एका कबुलीने नऊ जण आत गेले, दुसरीने बाहेर यायची वाट उघडली, आणि शेवटी दोन्हींपैकी एकही उभी राहिली नाही. कब्रस्तानाच्या दारात ज्यांची मुले गेली, त्यांनी कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा?

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्या खटल्यात खालच्या न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते सगळे निर्दोष ठरवले. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत तोच मजकूर त्याच शब्दांत आढळतो, हे न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. अंतिम निकाल काय लागायचा तो लागो. पण 'तोच मजकूर त्याच शब्दांत' हे वाचले तेव्हा मला चार तोळे आणि पोचा आठवला.

कुणी म्हणेल, तुम्ही पोलिसांच्या विरोधात लिहिताय. तसे नाही. चांगली चौकशी काय असते ते मी अण्णांच्याच तोंडून ऐकले आहे. ते म्हणत, संशयिताला बोलावण्याआधी घटनास्थळाचा पंचनामा तोंडपाठ पाहिजे. बोलावल्यावर पहिला अर्धा तास आपण गप्प बसायचे. त्याला त्याचा दिवस सकाळपासून सांगू द्यायचा, मध्ये तोडायचे नाही. मग तोच दिवस संध्याकाळपासून उलटा विचारायचा. बनवलेली गोष्ट पाठ केलेल्या पाढ्यासारखी असते, सुलटी येते, उलटी येत नाही. बारीकसारीक विचारायचे: जेवायला काय होते, लाइट गेली होती का, बस कुठे थांबली. उत्तरे मिळाली की त्याला परत पाठवायचे आणि ती एकेक तपासायला आपण उन्हात हिंडायचे. ''निम्मी चौकशी ठाण्याबाहेर असते,'' हे त्यांचे आवडते वाक्य.

''आणि तुम्ही कधी हात उचलला नाहीत?'' मी एकदा विचारले.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ''उचलला. दोनदा माल निघाला. एकदा माणूस चुकीचा निघाला. आता ते दोन मला आठवत नाहीत, तो एक आठवतो.''

विलायतेतही हे धडे ठेच खाऊनच शिकले गेले. गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटांसाठी १९७५ मध्ये जन्मठेप झालेले चौघे १९८९ मध्ये सुटले. त्यांच्या शिक्षेचा आधार त्यांच्या कबुल्याच होत्या. तिथे १९८४ च्या कायद्यानंतर चौकशीचे ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि १९९२ पासून पोलिसांना नवी पद्धत शिकवली जाऊ लागली: तयारी करा, संशयिताला सगळे समजावून सांगा, त्याचे म्हणणे पूर्ण ऐका, विसंगती पुढे ठेवा, मग पडताळा. कबुली मिळवणे हे तिचे उद्दिष्टच नाही. म्हणजे आमच्या अण्णांचीच पद्धत, फक्त टेपरेकॉर्डरसह! अमेरिकेत मात्र 'तुझ्या बोटांचे ठसे सापडलेत' असे खोटे सांगायलाही पोलिसांना सर्वसाधारणपणे मुभा आहे. तिथे डीएनए तपासणीतून पुढे निर्दोष ठरलेल्यांपैकी चौथाईहून अधिक जणांच्या प्रकरणांत खोटी कबुली किंवा तसेच जबाब होते. न केलेला गुन्हा माणूस कशाला कबूल करील, हा आपला सगळ्यांचा ठाम समज आहे. माझाही होता.

विज्ञानाने हा प्रश्न सुटेल असेही मध्यंतरी वाटले. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून लिलावात निघालेल्या यंत्रांमुळे ज्याचे नाव आपल्या शहराशी जोडले गेले, त्या अब्दुल करीम तेलगीची 'नार्को' चाचणी झाली आणि तिची चित्रफीत वाहिन्यांवर झळकली. घराघरांत लोक जेवणे थांबवून बघत होते. पण औषधाच्या गुंगीत माणूस खरेच बोलतो असे नाही. बडबडतो, विचारणाऱ्याच्या कलानेही बोलतो. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणावर सक्ती नाही, हे घटनेच्या अनुच्छेद २० (३) मध्ये आहेच.

घरातल्या माणसांना ठाऊक असाव्यात अशा दोन-चार गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण वेळ आली की त्या सुचत नाहीत. साक्षीदार म्हणून बाईमाणसाचा, पंधरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा साठीपुढच्या माणसाचा जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचे असते. तपासात दिलेल्या जबाबावर सही द्यावी लागत नाही. अटक झाली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ नाही. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांतून यातले बरेचसे पक्के झाले. आमच्या मुलाच्या अटकेनंतर वर्षभराने! डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितले.

आणि मॅजिस्ट्रेट दर वेळी विचारतात, ''पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?'' आमच्या मुलालाही विचारले होते. तो 'नाही' म्हणाला. विचारणारे समोर होते, पण ज्यांच्याबरोबर परत गाडीत बसायचे ते शेजारी उभे होते.

त्याने इस्त्रीची गाडी पुन्हा आमच्या गल्लीत लावली नाही. पुढे सिडकोत कुणाच्या तरी लाँड्रीत लागला असे कानावर आले. आई जिवंत होती तोवर दर दिवाळीला त्याच्यासाठी फराळाची पिशवी बाजूला काढून ठेवी. न्यायची हिंमत घरातल्या कुणालाच झाली नाही, मला तर नाहीच.

गेल्या महिन्यात अण्णांकडे गेलो होतो. आता ते नव्वदीला आले आहेत, ऐकू कमी येते. पुन्हा तोच विषय निघाला. ते म्हणाले, ''तुम्ही त्या दिवशी माझ्या ठाण्यात आला असता, तर 'कुणावर संशय' हे मी शेवटी विचारलं असतं.''

''मग आधी काय विचारलं असतं?''

''पाटल्या शेवटच्या कुणी हाताळल्या?''

मी उत्तर दिले नाही. त्या दिवशी आई पंढरपूरच्या मठात होती, आणि मठाचा पत्ता आमच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता.